‘आमचे डॉक्टर’ म्हणजे कोणाचे?

विचारा की! : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत : मोबाईल तापतो. सोलापूरचा मे महिना आहे, मोबाईल तापणार नाही तर काय करणार? खिडकीतनं उचलून सावलीत ठेवा, झालं. उरलेल्यांतली तीन पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला माझा इलाज नाही. त्या पोरानं मला आठवडाभर खुर्चीवरनं उठू दिलं नाही.

आणखी एक. अंक सगळा देवनागरीत छापायचा असा आपला शिरस्ता आहे, म्हणून टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला टाईप करून हुकूम द्यायच्या खिडकीतल्या, आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या. मोठं अक्षर हवंय तिथं तसं सांगितलंय, बाकी सगळी छोटी.

प्रश्न : काकू, नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशोक चौकात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, गल्लीत त्याला सगळे ‘कोपऱ्यावरचं’ म्हणतात. आजोबांनी चादरींच्या नक्षीचे चौकटीच्या कागदावर काढलेले आराखडे मी स्कॅन करून घरच्या जुन्या संगणकावर ठेवलेत. डोमेन विकत घ्यायचं नव्हतं, म्हणून ग्नूनेट (मधे कोणाचा मुख्य सर्व्हर नसलेलं जाळं) बसवलं आणि त्याच्या नाव-व्यवस्थेत ‘कोपऱ्यावरचं’ अशी नोंद केली. माझ्या लॅपटॉपवर ग्नूनेट-जीएनएस आज्ञेला ‘कोपऱ्यावरचं.घर’ विचारलं की पत्ता बरोबर येतो. पुण्याला होस्टेलवर असलेल्या आतेभावाकडे मात्र काहीच येत नाही. डिग आणि एनएसलुकअप या नाव शोधायच्या नेहमीच्या आज्ञा तर म्हणतात, असं नावच नाही. आतेभाऊ म्हणतो, हे विकेंद्रित वगैरे सगळं थोतांड आहे. खरं काय?
र. चि., अशोक चौक, सोलापूर

उत्तर : बाळा, आतेभावाला म्हणावं थोतांड म्हणायची घाई नको. तुमच्या या एका ‘काहीच येत नाही’मागे एकामागून एक तीन कारणं निघाली, आणि तिन्ही वेळा यंत्र खरं बोलत होतं.

डिगचं आधी संपवू. डिग आणि एनएसलुकअप विचारतात ते नेहमीच्या डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरचं नाव दिलं की त्याचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली ही व्यवस्था. नाव उजवीकडून वाचायचं, सगळ्यात उजवीकडचा तुकडा कोणाकडे आहे ते मुळाला विचारायचं, तिथून पुढच्याकडे जायचं. या मूळ सर्व्हरांना ए ते एम अशी तेरा नावं आहेत. डिगला ‘+ट्रेस’ जोडून रोजचं एखादं संकेतस्थळ विचार, मुळापासून एकेक पायरी उतरताना दिसते. मला अजून ते बघायला आवडतं. पण तुझं ‘कोपऱ्यावरचं.घर’ त्या दप्तरात कोणी लिहिलेलंच नाही. पोस्टात जाऊन एसटीचं आरक्षण मागितलंस तर खिडकीवरचा माणूस नाहीच म्हणणार. म्हणून काय पंढरपूरची गाडी बंद झाली? वर तोटा असा, की चुकून डीएनएसला विचारलेलं नाव बहुतेक वेळा उघडंच इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरपर्यंत जातं. ज्याला कळू नये त्यालाच हाक मारून सांगितल्यासारखं. असला गोंधळ होऊ नये म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॉट ऑल्ट’ हे शेपूट राखून ठेवलंय. ते दिसलं की हे नाव डीएनएसचं नव्हे असं समजायचं.

आता तुझा खरा प्रश्न. त्यासाठी मला चाळीस वर्षं मागं जावं लागेल, तेवढं सोस.

मी टेलिफोन खात्यात लागले तेव्हा पहिली नेमणूक १९७ वर होती. ट्रंक कॉल लावायचा तर १८०, तक्रार असेल तर १९८ आणि नंबर विचारायचा तर १९७. समोर जाडजूड डिरेक्टरी, कानाला हेडफोन. पहिल्याच आठवड्यातला एक फोन :

“हॅलो, १९७.”

“डॉक्टरांचा नंबर द्या की.”

“कोणत्या डॉक्टरांचा?”

“अहो, आमच्या!”

मला हसू फुटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियर बाईंनी लाईन आपल्याकडे घेतली आणि एकच विचारलं, “कुठनं बोलताय?” तिकडनं आलं, “दत्त चौकातनं.” बाईंनी डिरेक्टरी न उघडता नंबर सांगितला. फोन ठेवून मला म्हणाल्या, “हसतीस काय? ‘आमचे’ म्हणजे कोणाचे ते कळलं की डॉक्टर सापडतात.”

(डीएनएसच्या आधी इंटरनेटच्या आजोबांचं, म्हणजे आर्पानेटचं, हेच चालायचं. सगळ्या यंत्रांची नावं एका फाईलमध्ये, ती फाईल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, आणि ते दप्तर सांभाळणाऱ्या एलिझाबेथ फाइनलर. नवीन यंत्राचं नाव घालायचं तर त्यांच्या कचेरीत फोन करायचा, तोही कामाच्या वेळेत. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.)

ग्नूनेटची नाव-व्यवस्था, म्हणजे जीएनएस, त्या सीनियर बाईंच्या वाक्यावर उभी आहे. हिला सगळ्यांचं मिळून एक मूळ नाही, ज्याचं त्याचं मूळ आपापल्या यंत्रात. तुझा झोन, म्हणजे तुझ्या नावांची वही, ओळखायची किल्ल्यांच्या एका जोडीवरून, एक खाजगी, एक सार्वजनिक. सार्वजनिक किल्ली अक्षरांत लिहिली की तीन शून्यं आणि जी यांनी सुरू होणारी लांबच लांब माळ तयार होते. ती जगात एकमेव, पण लक्षात कोण ठेवणार? म्हणून प्रत्येकानं आपल्या यंत्रात तिला आपल्याला रुचेल ते नाव द्यायचं. तू आपल्या झोनला ‘घर’ म्हणतोस. आतेभावानं तुझीच किल्ली स्वतःकडे ‘सोलापूर’ म्हणून नोंदवलीय, हे तुझ्या दुसऱ्या पत्रातनं कळलं. मी ती ‘अशोकचौक’ म्हणून नोंदवली. तिन्ही बरोबर.

आपल्याकडे नाती अशीच सांगतात की. ‘मामांच्या साडूंचा थोरला’ म्हटलं, तर माझे मामा कोण ते मला ठाऊक, मामांचे साडू कोण ते मामांना ठाऊक, आणि साडूंचा थोरला कोणता ते साडूंना. जीएनएसमध्ये हेच ‘थोरला.साडू.मामा’ असं लिहितात आणि उजवीकडून सोडवतात. ‘मामा’ हा शब्द माझ्या झोनमध्ये शोधायचा, तिथं मामांची किल्ली मिळते. ती घेऊन मामांच्या झोनमध्ये ‘साडू’ शोधायचा, तिथली किल्ली घेऊन पुढे. हेच तीन शब्द तू तुझ्या यंत्रात टाकलेस तर तुझे मामा निघतील आणि त्यांचे साडू निघतील. माझ्या मामांच्या घरी तू पोचणार नाहीस.

म्हणजे पहिलं कारण तूच ओळखलं असशील. तू आतेभावाला तुझी आज्ञा जशीच्या तशी पाठवलीस, शेवटी ‘.घर’ ठेवून. त्याच्याकडे ‘घर’ नावाचं काही नाही. त्यानं विचारायला हवं होतं ‘कोपऱ्यावरचं.सोलापूर’.

त्यानं तसंही विचारून बघितलं, तरी उत्तर नाही, असं तू लिहिलंस. तेव्हा मी तुझी सार्वजनिक किल्ली मागवली. ‘ग्नूनेट-आयडेंटिटी -डी’ दिलं की ती दिसते आणि कोणालाही द्यायला हरकत नाही. खाजगी मात्र आईलाही द्यायची नाही. टोपणनावांचा घोळच नको म्हणून मी शेपटाच्या जागी अख्खी किल्ली चिकटवली :

ग्नूनेट-जीएनएस -टी ए -यू कोपऱ्यावरचं.(तुझी किल्ली)

हे फार उपयोगी आहे, लिहून ठेव. किल्ली दिली की ‘कोणाचे मामा’ हा प्रश्नच संपतो, जगात कुठूनही विचारा, झोन तुझाच. ‘-यू’ म्हणजे हे नाव शोध, ‘-टी’ म्हणजे कसली नोंद हवीय. ‘ए’ हा साधा आयपी पत्ता. काहीच नाही सांगितलं तर ‘ए’च धरलं जातं. सगळं बघायचं असेल तर ‘-टी एनी’. आणि नुसता पत्ता हवा, बाकी बडबड नको, तर ‘-आर’ लाव.

उत्तर आलं : नो रिझल्ट्स.

मग तू नोंद कशी घातलीस ते विचारलं. तू पाठवलेली ओळ अशी होती : ग्नूनेट-नेमस्टोअर -झेड घर -ए -एन कोपऱ्यावरचं -टी ए -व्ही (पत्ता) -ई नेव्हर. व्ही मोठा, ते तू बरोबर केलंस. पण ‘-पी’ कुठंय? त्याशिवाय घातलेली नोंद खाजगी राहते. तुझ्या यंत्राला दिसते, बाहेर जात नाही. तू आपल्या घरात बसून आपल्याच वहीत बघून खुश होत होतास. नोंद काढून ‘-पी’सकट परत घातलीस, दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं आणि पत्ता आला. त्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता, एक हात नळाच्या पाईपला आणि एक कीबोर्डला, तरी मी ती ओळ दोनदा चालवून बघितली.

नोंद बाहेर गेली म्हणजे नेमकं काय झालं, ते सांगते, कारण तिसरं कारण त्यातच दडलंय. ग्नूनेटमधली यंत्रं मिळून एक भलंमोठं कपाट चालवतात. ज्याचा खण त्याच्याकडे, मुख्य कपाट कोणाकडेच नाही. तुझी नोंद पाकिटात बंद करून, सही करून त्यातल्या एका खणात जाते. खणाचा क्रमांक ठरतो दोन गोष्टींवरून : तुझी किल्ली आणि ‘कोपऱ्यावरचं’ हा शब्द. पाकीट उघडायलाही तेच दोन लागतात. खण सांभाळणाऱ्याला आत काय आहे ते वाचता येत नाही, आणि मी विचारायला आले तर नेमकं कोणतं नाव विचारतेय हेही त्याला कळत नाही. तुझ्या झोनमध्ये काय काय नावं आहेत त्याची यादी मागायची तर सोयच नाही. नाव माहीत असलेल्यालाच ते सापडतं.

मला हे आवडतं, पण याची एक किंमत आहे. डिरेक्टरीत एकच आडनाव दोन ठिकाणी असायचं. इंग्रजीत कोणी दीक्षित लिहिताना एक्स घालायचा, कोणी केएसएच. एकीकडे नाही सापडलं तर आम्ही दुसरीकडे बघायचो, समोरच्याला कळायचंही नाही. या कपाटाला तसली माया नाही. शब्दात एक बाईट जरी इकडचा तिकडे झाला तरी खणाचा क्रमांक पार बदलतो आणि तू भलत्याच रिकाम्या खणात हात घालतोस. ‘तुम्हाला अमुक म्हणायचंय का?’ असं कोणी विचारत नाही.

आणि नेमकं तेच झालं. नोंद जाहीर झाली, मला मिळाली, आतेभावाला तरीही नाही. किल्ली तीच, शब्द तोच. दोघांची ओळ मी एकाखाली एक ठेवून चष्मा लावून बघितली, काही फरक नाही. मग त्याची ओळ त्याला मेलमधनं पाठवायला लावली आणि माझी आणि त्याची दोन्ही मोजली :

एको -एन कोपऱ्यावरचं | डब्ल्यूसी -सी

माझी भरली ३३ बाईट. त्याची ३६.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाईट घेतं. कोपऱ्यावरचं या शब्दात क, ओकार, प, ऱ, पायमोड, य, काना, व, र, च, अनुस्वार अशी अकरा चिन्हं, म्हणजे ३३. त्याच्याकडे बारावं कुठनं आलं? बाईट उघडून बघायला ‘एक्सएक्सडी’ आहे. माझ्याकडे त्या जागी ई० ए४ बी१ होतं, म्हणजे ‘ऱ’, खाली टिंब असलेला. त्याच्याकडे ई० ए४ बी०, म्हणजे आपला नेहमीचा ‘र’, मग पायमोड, आणि मग ई२ ८० ८डी. हे शेवटचं म्हणजे न दिसणारी जोडखूण. ती घातली की साध्या ‘र’चा सुद्धा पापणीसारखा अर्धा र होतो. कोपऱ्यावरचं आणि कोपर्‍यावरचं : छापून समोर ठेवले तर तुमच्या-माझ्या डोळ्याला एकच. यंत्राला दोन.

तू आणि मी दोघंही इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाईप करतो, तिथं शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो. आतेभावानं शब्द फोनवर लिहिला आणि तिथून लॅपटॉपवर घेतला. त्याच्या फोनच्या कीबोर्डनं दुसरा रस्ता धरला. जीएनएस नावं साठवण्याआधी युनिकोडच्या एनएफसी नियमानं एकसारखी करून घेते, नाही असं नाही. साधा र आणि त्याखाली वेगळं टिंब असं लिहिलं असतं तर त्याचा ‘ऱ’ करून दिला असता. पण जोडखुणेला तो नियम हात लावत नाही. गुजराती किंवा इंग्रजीवाल्याला हे दुखणं कधी कळणारच नाही. दुसऱ्या, पायऱ्या, वऱ्हाड, सुऱ्या, ज्याच्या त्याच्यात आपला हा अर्धा र आहे.

उपाय दोन. एक तर दोन्ही रूपांच्या दोन नोंदी घाल, पत्ता तोच. नाहीतर नावातनं ‘ऱ’ काढूनच टाक. मी असते तर ‘नक्षी’ ठेवलं असतं. पण दुकानाला गल्ली ‘कोपऱ्यावरचं’ म्हणते, तर तू दोन नोंदी घाल.

घातल्यास. आतेभावाला पत्ता मिळाला. आणि रात्री अकरा वाजता तुझा मेल : “काकू, नाव आलं पण पान उघडत नाही!”

पत्ता कोणता दिलास रे? १९२.१६८ नं सुरू होणारा. तो घराच्या आतला पत्ता आहे, राऊटरनं वाटलेला. असले पत्ते घरोघरी तेच असतात. तुझा लॅपटॉप त्याच घरात, म्हणून तुला पान दिसत होतं. आतेभावाला तू सांगितलंस, ‘मधल्या खोलीत ठेवलंय’. तो त्याच्या होस्टेलच्या मधल्या खोलीत शोधतोय. नाव-व्यवस्था पत्ता सांगते, रस्ता बांधून देत नाही. आधी इंटरनेटवाल्याला विचार, बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळतो का. पुष्कळदा ते एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतात, मग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता, असेल तर त्याची नोंद घाल, प्रकार ‘ए’ ऐवजी चार ए. आणि रात्री मेन स्विच बंद करायची आजोबांची सवय आहे असं लिहिलंस, त्यांना समजाव. जाळ्यातली पाकिटं कायमची राहत नाहीत, तुझं यंत्र अधूनमधून ती पुन्हा ठेवत असतं. बरेच दिवस यंत्र बंद राहिलं तर नावही विरून जाईल.

आराखडे मात्र बघायचेत मला. जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे लहानपणी आमच्या शेजारी वाळत घातल्यासारखे टांगलेले असत. त्याआधी हातानं काढलेला कागद असतो हे मला माहीत नव्हतं.

प्रश्न : ताई, एकजण माझ्या आडनावाचं ‘डॉट बिट’ नाव पन्नास हजारांना देतो म्हणतोय. इंटरनेटवरची जमीन आहे म्हणे, सातबारा कायमचा आपल्या नावे. घ्यावं का?
एक व्यापारी, नवी पेठ

उत्तर : नका घेऊ.

कारण हवं असेल तर : तो सातबारा नव्हे, भाडेपट्टा आहे. डॉट बिट नावं नेमकॉइन नावाच्या साखळीत (ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे सगळ्यांकडे नक्कल असलेल्या वहीत) राहतात. बिटकॉइनचाच कोड घेऊन एप्रिल २०११ मध्ये ती सुरू झाली. नाव ३६,००० ब्लॉक टिकतं, ब्लॉक म्हणजे त्या वहीचं एक पान, साधारण दहा मिनिटांचं, म्हणजे जेमतेम २५० दिवस. त्याआधी नूतनीकरण केलं नाही तर नाव मोकळं, कोणीही उचलावं. आणि तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये डॉट बिट टाकलंत तर काही उघडणार नाही. ओपननिक नावाची एक पर्यायी डीएनएस सेवा ही नावं दाखवायची, तिनंही २०१९ मध्ये ती बंद केली, कारण व्हायरसवाले त्यांचा वापर करत होते.

असली जमीन विकायला का निघते तेही बघा. २००१ मध्ये झूको विल्कॉक्स या प्रोग्रामरनं मांडलं होतं की जगभर एकच असलेलं नाव लक्षात राहण्याजोगं, सुरक्षित आणि कोणा एकाच्या ताब्यात नसलेलं, असं तिन्ही एकदम जमत नाही. तिघांतली दोन निवडा. वरच्या पोराच्या जीएनएसनं ‘जगभर एकच’ हे सोडून दिलं, म्हणून तिथं ‘घर’ हे नाव अडवून बसता येत नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. नेमकॉइननं तिन्ही जमवायचं ठरवलं, सगळ्यांची एकच वही आणि जो आधी येईल त्याचं नाव. मग आधी आले ते नावं अडवून बसणारेच. २०१५ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा सुमारे १,२०,००० नोंदलेल्या नावांत खरोखर वापरातली, आत काही असलेली निघाली २८. हजार वगैरे नाही. अठ्ठावीस.

तरी हौस असेलच तर पैसे देण्याआधी पोराला बसवून ही आज्ञा चालवायला सांगा : नेमकॉइन-सीएलआय नेम_शो डी/(तुमचं नाव). आधी साखळी उतरवून घ्यावी लागते, त्यात वेळ जाईल. उत्तरात ‘एक्स्पायर्स_इन’ समोरचा आकडा वाचा, तेवढेच ब्लॉक उरलेत. आणि विकणाऱ्याला म्हणावं, नोंदीतल्या ‘व्हॅल्यू’मध्ये मी सांगतो तो शब्द घालून दाखव. काहीही सांगा, ‘शेंगाचटणी’ सांगा. नाव खरंच त्याच्या हातात असेल तर पुढचे एक-दोन ब्लॉक होईपर्यंत, अर्ध्या तासाच्या आत, तुमच्या पडद्यावर शेंगाचटणी दिसेल. कारणं सांगायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न : आमच्या शाळेला ‘डॉट भारत’ असं मराठी नाव घ्यायचा विचार आहे. हे पण विकेंद्रित प्रकारातलंच का? टर्मिनलवर ते कसं तपासायचं?
निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : नाही सर, हे नेहमीच्या डीएनएसमधलंच आहे, नुसती लिपी आपली. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि डॉट इन सांभाळणारी निक्सीच तेही सांभाळते. शाळेला हेच योग्य. पालकांना किल्ल्या वाटत बसायला नको.

डीएनएस आतून अजूनही इंग्रजी अक्षरांवरच चालते, म्हणून ‘भारत’ तिथं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा होऊन जातो. मधे दोन आडव्या रेघा आहेत. काही ठिकाणच्या डिगला थेट देवनागरी कळते, काही ठिकाणी हे एक्सएन रूपच द्यावं लागतं. ‘डिग +शॉर्ट’ आणि पुढे नाव, एवढं पुरे. शाळेच्या नावात ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्हा’ असेल तर वरचं उत्तर वाचून मगच पैसे भरा, आणि नोंदणी करणाऱ्यानं कोणतं रूप नोंदवलंय ते त्याच्याकडून एक्सएन रूपात लिहून घ्या. काही अडलं तर डिगचं उत्तर मजकूर म्हणून पाठवा. पडद्याचा फोटो काढून नको, मागच्या वेळी कोणीतरी पाठवला होता त्यात पंख्याचं प्रतिबिंबच जास्त दिसत होतं.